पिनाका विकून जबाबदारी संपत नाही : महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
लोकसभेतले ४८ आणि राज्यसभेतले १९,
महाराष्ट्राचे सर्व खासदार

स. न. वि. वि.

कांदा, पीकविमा, आरक्षण आणि पाणी यांच्या धबडग्यात आर्मेनियाचा विषय घेऊन कोणी मतदार आपल्या दारात आला असेल, असे मला वाटत नाही. मी तो घेऊन येतो आहे. कॉकेशसच्या डोंगरांतला, समुद्र नसलेला, जेमतेम ३० लाख वस्तीचा हा देश आता महाराष्ट्राशी जोडला गेला आहे. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्रास्त्र-संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेली पिनाका रॉकेट प्रणाली परदेशात पहिल्यांदा विकली गेली ती आर्मेनियाला, २०२२ मध्ये. या रॉकेटांचे उत्पादन नागपूरला होते. त्याआधी, २०२० मध्ये, शत्रूच्या तोफा हुडकणारी स्वाती रडारे तिकडे विकली होती. पुढे आकाश क्षेपणास्त्रे गेली. रशियाकडून येणारी शस्त्रे आटत गेली तशी ती जागा मुख्यतः भारताने आणि फ्रान्सने भरली.

या विक्रीला माझा विरोध नाही. ज्याच्या भूमीवर हल्ला झाला त्याला स्वतःचे रक्षण करण्याचा हक्क आहे आणि रक्षण भाषणांनी होत नाही. मला सांगायचे आहे ते पुढचे. साम्राज्यातून नुकत्याच सुटलेल्या छोट्या देशाला जो शस्त्रे देतो तो, त्याच्या मनात असो वा नसो, त्या देशाच्या घरगुती राजकारणात शिरतो. मग तिथली निवडणूक, तिथला वीजदर, तिथले न्यायालय, काहीच त्याच्यापासून लांब राहत नाही. आर्मेनियाने हे रशियाच्या बाबतीत ३० वर्षे भोगले. आता पुरवठादारांच्या रांगेत आपण उभे आहोत. आपण कोण म्हणून तिथे उभे आहोत, यावर संसदेत सविस्तर बोलले जावे आणि ते बोलणे महाराष्ट्राच्या खासदारांनी सुरू करावे, यासाठी हे पत्र.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान आणि अझरबैजान पाकिस्तानच्या बाजूने बोलले. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे थांबवले, अनेकांनी अझरबैजानच्या राजधानीच्या, बाकूच्या, सहली रद्द केल्या. तो राग मला कळतो, त्यात खोटे काही नव्हते. पण तेव्हापासून आपल्याकडे आर्मेनियाचे नाव बहुतेक वेळा एकाच सुरात निघते : पाकिस्तानच्या दोस्ताला शह देण्यासाठी हाताशी आलेला मोहरा. ३१ ऑगस्ट २०२५ रोजी चीनमध्ये त्यानजिनला आर्मेनिया आणि पाकिस्तान यांनी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. तोवर पाकिस्तान आर्मेनियाला देश म्हणून मान्यतासुद्धा देत नव्हता. येरेवानने, म्हणजे आर्मेनियाच्या सरकारने, यात भारताशी काही दगाफटका केला का? अजिबात नाही. त्याला जगायचे आहे आणि शेजाऱ्यांशी, शेजाऱ्यांच्या मित्रांशी बोलल्यावाचून ते जमणार नाही. त्याला मोहरा समजणाऱ्याला अशा प्रत्येक वळणावर राग येत राहील. त्या रागातून पुरवठा अडवण्याची भाषा सुरू होते आणि मग आपण कोणाच्या वळणावर गेलो हे ओळखायला वेळ लागणार नाही.

म्हणून आधी रशियाचे ते वळण काय होते ते पाहू.

आर्मेनियाने २१ सप्टेंबर १९९१ रोजी सार्वमताने सोव्हिएत संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. त्या वेळी त्याच्या पदरात काय होते? डिसेंबर १९८८ च्या भूकंपात स्पिताक शहर जमीनदोस्त झाले होते, सुमारे २५,००० माणसे मेली होती. त्या धसक्याने मेत्सामोरचे अणुवीज केंद्र बंद केले गेले. काराबाखसाठी अझरबैजानशी युद्ध पेटले होते. अझरबैजानची सीमा बंद झाली, १९९३ मध्ये तुर्कस्ताननेही सीमा बंद केली. उरला उत्तरेचा जॉर्जिया, जो स्वतः यादवीत होरपळत होता, आणि दक्षिणेला इराणशी चिकटलेली अरुंद पट्टी. येरेवानच्या घरांत दिवसाकाठी तास-दोन तास वीज असे. लोकांनी बागांमधली झाडे तोडून हिवाळे काढले. १९९५ मध्ये मेत्सामोर पुन्हा चालू झाले तेव्हा दिवे लागले. इंधन मात्र रशियाचे होते.

काराबाखचा गुंता साम्राज्याने मागे ठेवलेला. बहुसंख्य आर्मेनियन वस्तीचा हा डोंगरी प्रदेश १९२३ मध्ये सोव्हिएत सत्तेने अझरबैजानच्या हद्दीत स्वायत्त विभाग म्हणून बसवला. मॉस्कोची पकड घट्ट होती तोवर ती रेघ नकाशापुरती होती. पकड सुटली आणि तीच रेघ दोन राष्ट्रांमधली हद्द ठरली. फाळणी पाहिलेल्या देशाला याहून जास्त समजावण्याची गरज नाही. १९८८ मध्ये अझरबैजानमधल्या सुमगाईत शहरात आर्मेनियनांची कत्तल झाली. १९९२ मध्ये खोजालीला अझरबैजानी नागरिक मारले गेले, बायका-मुलांसकट. १९९४ च्या युद्धविरामापर्यंत आर्मेनियन फौजांनी काराबाखखेरीज भोवतालचे सात जिल्हेही, काही पूर्ण तर काही अर्धेमुर्धे, ताब्यात घेतले होते आणि लाखो अझरबैजानी लोक घरादाराला मुकले होते. आर्मेनियाविषयी आस्था असलेल्या माणसाने ही गोष्ट टाळून पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. कारण पुढचे बरेचसे दुर्दैव या विजयातूनच आले. जिंकलेले राखायचे तर मोठा धनी हवा आणि धनी हवा तर त्याचे ऐकायला हवे.

१८०२ मध्ये वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज घेतली, तिच्या खर्चापायी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि परराज्यांशी व्यवहार कंपनीला विचारून करण्याचे मान्य केले. होळकरांच्या भीतीने केलेल्या त्या तहानंतर १६ वर्षांत पेशवाई उरली नाही. आपण सगळे हे शाळेत शिकलो आहोत. आर्मेनियाला बाजीरावाइतकी मोकळीक नव्हती, हे खरे. दोन बाजू बंद, वीज नाही, शेजारी तिपटीने मोठा आणि तेलसंपन्न. पण व्यवहाराची रीत तीच राहिली आणि ती हप्त्याहप्त्याने वसूल झाली.

१९९२ पासून तुर्कस्तान आणि इराणकडच्या सीमेवर रशियन सीमारक्षक उभे राहिले. १९९५ च्या कराराने ग्युम्री शहरात रशियाचा लष्करी तळ पक्का झाला आणि २०१० मध्ये त्याची मुदत २०४४ पर्यंत वाढवली गेली. सुमारे १० कोटी डॉलरचे रशियन कर्ज फिटेना, तेव्हा २००२-०३ च्या सुमारास ह्राझदानचे औष्णिक वीजकेंद्र आणि काही सरकारी संस्था रशियाच्या नावे झाल्या. रेल्वे २००८ मध्ये ३० वर्षांसाठी रशियन रेल्वेच्या उपकंपनीकडे गेली. गॅसचे वितरण २०१४ पासून पूर्णपणे गॅझप्रॉम या रशियन सरकारी कंपनीचे. इराणहून स्वतंत्रपणे गॅस आणता यावा म्हणून घातलेल्या वाहिनीचा आर्मेनियातला भागही शेवटी गॅझप्रॉमच्या हाती गेला. यातला एकेक करार वेगळा वाचला तर प्रत्येकाला काही ना काही कारण सापडते, आणि त्या त्या वेळी ते कारण खरेही होते. एकत्र ठेवले की दिसते ते असे, की देशाची वीज, चूल, रूळ आणि वेस या चारही गोष्टींत दुसऱ्याचा हात आहे.

त्याचा अर्थ २०१३ मध्ये उघड झाला. आर्मेनियाने युरोपीय संघाशी सहकार्य कराराची बोलणी वर्षानुवर्षे करून जवळजवळ पूर्ण केली होती. त्या वर्षी गॅस महागला. जूनमध्ये रशियाने अझरबैजानला रणगाडे आणि तोफा धाडायला सुरुवात केली. आर्मेनियाचा रक्षक आर्मेनियाच्या शत्रूला शस्त्रे विकत होता, आणि त्यात लपवाछपवी नव्हती. ३ सप्टेंबर २०१३ रोजी अध्यक्ष सर्झ सर्गस्यान मॉस्कोला गेले आणि तिथूनच त्यांनी जाहीर केले की आपण रशियाच्या सीमाशुल्क संघात जाणार. येरेवानमधल्या मंत्र्यांनाही पत्ता लागू न देता एका भेटीत देशाची दिशा फिरवता येते, ती अशी.

जानेवारी २०१५ मध्ये ग्युम्रीत तळावरच्या एका रशियन सैनिकाने सात जणांचे एक अख्खे कुटुंब मारले. त्यात सहा महिन्यांचे बाळ होते. आरोपी रशियाच्या ताब्यात होता. त्याला आमच्या हवाली करा म्हणून ग्युम्रीचे लोक रस्त्यावर उतरले. आपल्या गावात झालेल्या खुनाचा आरोपी आपल्या न्यायालयापुढे यावा एवढ्यासाठी माणसांना मोर्चा काढावा लागला. परकी हमी म्हणजे काय, हे समजण्यासाठी मला कुठल्याही करारापेक्षा ही घटना जास्त उपयोगी वाटते.

पण बाहेरच्याला दोष देऊन थांबणे मला पटत नाही. सुरक्षेची भीती दाखवून आर्मेनियाच्या सत्ताधाऱ्यांनी स्वतःच्या लोकांना गप्प केले, हा या कहाणीचा अर्धा भाग आहे. पहिले अध्यक्ष लेव्हॉन तेर-पेत्रोस्यान १९९७ मध्ये म्हणू लागले की तडजोड केली पाहिजे, कोंडीत अडकलेला देश भरभराटीला येणार नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यांच्याच पंतप्रधानांनी आणि संरक्षण व सुरक्षा मंत्र्यांनी त्यांना पायउतार व्हायला लावले. पंतप्रधान रॉबर्ट कोचारयान, काराबाखचे माजी अध्यक्ष, आर्मेनियाचे अध्यक्ष झाले. २७ ऑक्टोबर १९९९ रोजी बंदूकधारी थेट संसदेत घुसले आणि पंतप्रधान वाझगेन सर्गस्यान, सभापती कारेन देमिरच्यान यांच्यासह आठ जणांना त्यांनी ठार केले. मार्च २००८ मध्ये निवडणुकीच्या निकालाविरुद्ध जमलेल्या लोकांवर बळाचा वापर झाला, दहा माणसे गेली. प्रत्येक वेळी सांगितले जाई ते एकच : शत्रू वेशीवर आहे, आत्ता प्रश्न नकोत. प्रश्न न विचारल्यामुळे फौज किती पोखरली गेली आहे, हे २०२० पर्यंत कोणाला कळलेच नाही.

आपल्यापैकी जे नाशिकच्या बाजूचे आहेत त्यांच्यासाठी एक तपशील मुद्दाम सांगतो. आर्मेनियाने २०१९ च्या अखेरीस रशियाकडून चार सुखोई-३० एसएम विमाने आणली. ओझरच्या एचएएलमध्ये आपल्या वायुदलासाठी बनलेल्या सुखोईंच्याच कुळातली. २०२० चे युद्ध झाले आणि ती विमाने लढलीच नाहीत. मार्च २०२१ मध्ये पंतप्रधान निकोल पाशिनयान यांनी कबूल केले की विमानांबरोबर क्षेपणास्त्रे घेतलेली नव्हती. विमान आहे, मारा करायला काही नाही. यात रशियाची चूक किती आणि आर्मेनियाच्या सरकारची किती, हा वाद तिथे अजून होतो. विकणाऱ्या देशाला या वादातून एक गोष्ट घेता येते : माल पोहोचवला म्हणजे सुरक्षा पोहोचवली असे होत नाही. दारूगोळा, सुटे भाग, दुरुस्ती आणि शिकलेली माणसे यांच्याशिवाय शस्त्र म्हणजे संचलनातली शोभा.

२०२० चे युद्ध ४४ दिवस चालले. २७ सप्टेंबरला अझरबैजानने हल्ला चढवला. तुर्की बैरक्तार आणि इस्रायली हारोप ड्रोननी आर्मेनियाचे रणगाडे, तोफा, रडारे टिपली. जवळजवळ ४,००० आर्मेनियन सैनिक मेले, अझरबैजानचे सुमारे २,९००. अनेकजण सक्तीच्या लष्करी सेवेतली १८-२० वर्षांची पोरे होती. मॉस्कोने युद्धविराम घडवला आणि काराबाखात १,९६० रशियन शांतिसैनिक आले. रशियाप्रणीत सामूहिक सुरक्षा करार संघटना मदतीला का आली नाही, याला तेव्हा उत्तर होते : काराबाख कायद्याने आर्मेनियाचा भाग नाही. उत्तर कटू होते, पण खोटे नव्हते. आर्मेनियाने स्वतःही काराबाखला औपचारिक मान्यता दिलेली नव्हती.

सप्टेंबर २०२२ मध्ये ते उत्तरही संपले. अझरबैजानने जेर्मुक, गोरिस, कपान या खुद्द आर्मेनियाच्या भूमीवर मारा केला. दोन दिवसांत २०० च्या आसपास आर्मेनियन सैनिक मारले गेले, काही उंच ठाणी अझरबैजानच्या ताब्यात गेली. आर्मेनियाने कराराच्या चौथ्या कलमाखाली रीतसर मदत मागितली. संघटनेने पाहणी पथक पाठवले. नोव्हेंबरमध्ये येरेवानलाच भरलेल्या शिखर परिषदेत पाशिनयान यांनी संयुक्त घोषणापत्रावर सही करायला नकार दिला. पुढच्या महिन्यात काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा रस्ता अडवला गेला, काराबाखात औषधे आणि अन्न पोहोचेना. रशियन शांतिसैनिक त्याच रस्त्यावर होते. १९ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटचा हल्ला झाला आणि आठवडाभरात एक लाखाहून अधिक आर्मेनियन माणसे, जवळजवळ सगळा काराबाख, गाड्यांमध्ये बसेल तेवढे सामान घेऊन बाहेर पडली. शतकानुशतकांची वस्ती एका आठवड्यात उठली. जगातल्या बहुतेक राजधान्यांनी चिंता व्यक्त केली.

इथे अझरबैजानकडेही पाहिले पाहिजे, कारण तोही त्याच साम्राज्यातून सुटलेला देश. त्याने बड्या सत्तांना फार हुशारीने हाताळले. तेल आणि गॅस जॉर्जियामार्गे तुर्कस्तानला नेणाऱ्या वाहिन्या घातल्या, गाबालाचे रशियन रडार ठाणे २०१२ च्या अखेरीस बंद करवले, शस्त्रे रशियाकडूनही घेतली, इस्रायल आणि तुर्कस्तानकडूनही. २०२४ मध्ये रशियन शांतिसैनिकही मुदतीआधीच निघून गेले. स्वातंत्र्याच्या मापाने पाहिले तर बाकूचे यश मोठे. पण तिथे १९९३ पासून आधी हैदर अलियेव आणि २००३ पासून त्यांचे पुत्र इल्हाम यांची सत्ता आहे आणि पत्रकार तुरुंगात आहेत. बाहेरच्यांपासून मोकळा झालेला देश आतल्या माणसांसाठी मोकळा असतोच असे नाही. उलट आर्मेनियात २०१८ मध्ये लोकांनी शांततेने, एकही गोळी न चालता, सर्झ सर्गस्यान यांना घरी बसवले. ती लोकशाही आज लंगडत का होईना चालते आहे, आणि आपल्यासारख्या देशाने आर्मेनियाच्या पाठीशी उभे राहण्याचे सर्वांत मोठे कारण, माझ्या मते, तेच आहे. तुर्कस्तान आणि पाकिस्तान त्यानंतर.

आता येरेवान एका धन्याऐवजी अनेक मित्र जमवतो आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने सुरक्षा करार संघटनेतला सहभाग गोठवल्याचे सांगितले. त्या उन्हाळ्यात येरेवानच्या विमानतळावरून रशियन सीमारक्षक गेले. मार्च २०२५ मध्ये संसदेने युरोपीय संघाच्या सदस्यत्वाची प्रक्रिया सुरू करणारा कायदा केला. ८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनला अलियेव आणि पाशिनयान यांच्या उपस्थितीत शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे झाली, आणि आर्मेनियाच्या दक्षिण टोकातून, स्युनिक प्रांतातून, अझरबैजानला नाखिचेवान या त्याच्याच तुटक प्रदेशाशी जोडणाऱ्या सुमारे ४३ किलोमीटरच्या वाटेला डोनाल्ड ट्रम्प यांचे नाव देण्यात आले. शांतता आली तर मला आनंदच आहे. तरीही इराणच्या सीमेला लागून एका महासत्तेच्या अध्यक्षाच्या नावाची वाट आपल्या देशातून जाऊ द्यावी लागते, ही सार्वभौमत्वाची सुखाची अवस्था नाही. ग्युम्रीचा तळ अजून आहे. गॅस आणि अणुइंधनासाठी अजून मुख्यतः रशियाकडेच पाहावे लागते. बाकूची मागणी आहे की आर्मेनियाने आपल्या संविधानाच्या प्रास्ताविकातला १९९० च्या स्वातंत्र्यघोषणेचा उल्लेख काढावा, कारण त्या घोषणेत काराबाखशी एकीकरणाच्या ठरावाचा संदर्भ येतो. दुसऱ्याने सांगितले म्हणून स्वतःचे संविधान बदलायचे, हे कुठल्या देशाला सोपे जाईल?

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आतल्या गोष्टीची. जून २०२५ मध्ये आर्मेनियात आर्चबिशप बग्रात गाल्स्तान्यान यांना सत्ता उलथवण्याच्या कटाच्या आरोपाखाली अटक झाली. वीजवितरण कंपनीचे मालक, रशियात संपत्ती कमावलेले उद्योगपती सामवेल कारापेत्यान, यांनाही अटक झाली आणि सरकारने त्या कंपनीचा कारभार हाती घेण्याची पावले उचलली. आरोपांत तथ्य आहे की नाही हे तिथली न्यायालये पाहतील. रशियाचा हस्तक्षेप काल्पनिक नाही, तो ३० वर्षांचा अनुभव आहे. पण विरोध करणारा प्रत्येकजण परक्यांचा हस्तक, ही भाषा एकदा रुळली की ती कोचारयान यांच्या काळातल्या भाषेपेक्षा फार वेगळी राहत नाही. मित्रदेशाने हे पाहिले पाहिजे आणि खासगीत का होईना, सांगितले पाहिजे. जो फक्त विकतो, त्याला हे सांगायची सोय नसते.

आपण भारतीय म्हणून स्वतःकडे एकदा नीट पाहू. २०१५ मध्ये नेपाळने नवे संविधान स्वीकारले आणि तराईतल्या आंदोलनाच्या काळात सीमेवरून इंधन आणि औषधे जाणे जवळजवळ थांबले. दिल्लीने नाकेबंदीचा आरोप नाकारला. काठमांडूत मात्र भूकंपातून नुकतीच सावरणारी माणसे गॅस सिलिंडरसाठी रांगा लावत होती, आणि त्या हिवाळ्याने नेपाळी मनात जे घर केले ते अजून गेलेले नाही. मोठ्या देशाला आपला हात जड आहे हे कळत नाही, छोट्याला लगेच कळते. नेपाळशी आपले जे झाले ते आर्मेनियाशी होऊ नये, एवढे तरी आपण ठरवू शकतो. तिथे आपली ना सीमा आहे ना तळ. म्हणजे सुरुवात कोऱ्या पाटीवर आहे.

म्हणून माझी मागणी आहे की येत्या अधिवेशनात आपण तारांकित प्रश्न विचारावेत. आर्मेनियाला दिलेल्या प्रत्येक प्रणालीबरोबर दारूगोळा, सुटे भाग आणि प्रशिक्षण यांचे वेळापत्रक ठरले आहे का? दुरुस्तीची कार्यशाळा आर्मेनियातच उभी राहणार आहे की प्रत्येक बिघाडासाठी त्यांना आपल्या दाराशी यावे लागणार? राजकीय मतभेद झाले तर पुरवठा अडवला जाणार नाही, अशी लेखी तरतूद आहे का? रशियाकडून पैसे भरलेली शस्त्रेसुद्धा वेळेवर आली नाहीत, हे आर्मेनियाच्या सरकारने जाहीरपणे सांगितले आहे. आपल्याविषयी असे म्हणायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

दुसरा प्रश्न अवघड आहे, पण तो विचारल्याशिवाय मला हे पत्र प्रामाणिक वाटणार नाही. पिनाका ४४ सेकंदांत १२ रॉकेटे सोडते. हे मोठ्या क्षेत्रावर मारा करणारे शस्त्र आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आर्मेनियन बाजूने सोडलेली स्मेर्च रॉकेटे अझरबैजानच्या बार्दा शहरावर पडली, त्यांत क्लस्टर बॉम्ब, म्हणजे एकातून अनेक छोटे बॉम्ब विखुरणारी स्फोटके, होते, वीसहून अधिक नागरिक मेले. अझरबैजाननेही काराबाखच्या राजधानीवर, स्तेपानाकेर्तवर, क्लस्टर बॉम्ब टाकले होते. भारत, आर्मेनिया आणि अझरबैजान या तिघांनीही क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार स्वीकारलेला नाही. मग आपण विकलेल्या रॉकेटांबरोबर क्लस्टर स्फोटके दिली आहेत का? नागरी वस्तीवर मारा होणार नाही याची कोणती अट घातली आहे? २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. आकडा अभिमानाने सांगितला जातो, सांगावा. त्याच सभागृहात ही अटही सांगितली जावी. पाषाणच्या शास्त्रज्ञांना आणि नागपूरच्या कामगारांना आपण बनवलेले रॉकेट कुठे पडू शकते हे जाणण्याचा हक्क आहे.

तिसरे म्हणजे स्युनिकविषयी आपली भूमिका स्पष्ट हवी. इराणमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गात आपल्याला रस आहे, चाबहार बंदरात आपली गुंतवणूक आहे, आणि आर्मेनिया त्या मार्गाचा एक पर्याय आहे. हा रस्ता रशियाचा, तुर्कस्तानचा, अमेरिकेचा की आपला, अशी चर्चा दिल्लीतही ऐकू येते. तो रस्ता स्युनिकमधल्या मेघ्रीच्या लोकांचा आहे. भारताने तसे उघड म्हणावे, आणि तिथून कोण जाईल हे आर्मेनियाच्या संसदेने ठरवावे, याला पाठिंबा द्यावा.

शस्त्रांपलीकडचे नातेही वाढवा, कारण ते जुने आहे. मुंबईत फोर्ट भागात आर्मेनियन चर्च आहे. सुरत, मुंबई, मद्रास, कोलकाता इथे आर्मेनियन व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. जगातले पहिले आर्मेनियन वृत्तपत्र १७९४ मध्ये मद्रासला छापले गेले. ज्या काळी त्यांचा देशच नव्हता, त्या काळी मद्रासच्या आर्मेनियनांनी भावी स्वतंत्र आर्मेनियाच्या संविधानाचा मसुदा लिहून छापला होता. आज येरेवानच्या वैद्यकीय महाविद्यालयात भारतीय मुले शिकतात. असे असताना २०२१ पर्यंत भारताचा एकही परराष्ट्रमंत्री आर्मेनियाला गेलेला नव्हता. पुणे आणि मुंबई विद्यापीठांत कॉकेशसच्या अभ्यासाची सोय व्हावी, आर्मेनियन भाषा जाणणारी दहा-वीस माणसे तरी आपल्याकडे तयार व्हावीत, यासाठी केंद्राकडे निधी मागा. ज्यांची भाषा आपल्याला येत नाही त्यांच्याविषयी आपण दिल्ली, मॉस्को आणि वॉशिंग्टनच्या चष्म्यातूनच पाहत राहतो.

परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण या स्थायी समित्यांवर आपल्यापैकी जे असतील त्यांनी येरेवानला शिष्टमंडळ नेण्याचा आग्रह धरावा. तिथे गेल्यावर संरक्षण मंत्रालयात जा, कारखान्यांचे करार पाहा, पण एक दिवस स्युनिकच्या सीमेवरच्या गावांना द्या आणि एक दिवस काराबाखहून आलेल्या कुटुंबांना. तिथल्या विरोधी पक्षाच्या खासदारांना भेटा. रशियाच्या तळाविषयी ग्युम्रीचे लोक काय म्हणतात ते ऐका. परत आल्यावर त्या भेटीचा अहवाल मराठीत छापून आपापल्या मतदारसंघात वाटा. आम्ही तो वाचू, आणि त्यावर आपल्याला प्रश्नही विचारू.

कळावे,

आपला,
राज्यशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, पुणे